पाठ टेकल्यानंतर

आमचे वस्ताद पाठीवर झोपत नसत. डाव्या कुशीवर झोपत, उजव्या कुशीवर झोपत, उन्हाळ्यात दुपारी तालमीच्या गार फरशीवर पालथे पडत, पण उताणे कधीच नाही. पैलवानाची पाठ जमिनीला लागली की कुस्ती संपली, मग ती आखाड्यात लागो नाहीतर गादीवर, असं त्यांचं म्हणणं. हे ते इतक्या सरळ चेहऱ्यानं सांगत की तालमीत नवीन आलेली पोरं पहिले काही दिवस झोपेत दचकून कुशीवर वळत. मी वर्षभर वळत होतो. मला घाबरायला एरवीही फार कारण लागत नाही.

दाढ काढायची वेळ आली तेव्हा दातांच्या डॉक्टरनं त्यांना खुर्चीत बसवून खुर्ची मागं झुकवायला घेतली, तर वस्ताद उठून थेट दाराशी. शेवटी ते स्टुलावर ताठ बसले, डॉक्टर पाटावर चढला आणि तशी ती दाढ निघाली. बसून दाढ काढून घेणारा कोल्हापुरात मी पहिलाच, असं ते पुढं महिनाभर सांगत होते, आणि त्यावर कुणी वाद घातला नाही. पन्हाळ्याला एका लग्नाला जाताना गाडीतली सीट चुकून मागं गेली, तर उरलेला घाट त्यांनी पुढच्या सीटला मिठी मारून काढला.

चहाच्या गाड्यावरची म्हातारी मंडळी मात्र वेगळं सांगायची. त्यांच्या मते तरुणपणी पेठ वडगावच्या मैदानात वस्तादांची पाठ चांगली लागली होती. कर्नाटकातल्या कुठल्याशा पैलवानानं लावली होती, आणि तीही पब्लिक नीट बसायच्या आत. मी एकदा भीत भीत विचारलं. वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला.

"पंच शिंकत हुता त्या वक्ताला. त्यानं काय बगितलं?"

चौकशी तिथंच संपली.

मी गोंदियाकडचा. नववीत मी गणिताला सोडलं की गणितानं मला, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. अंगानं दांडगा होतो, आजूबाजूच्या गावांत चार पोरं पाडली होती, म्हणून बाबांनी कोल्हापूरच्या गाडीत बसवून दिलं. फलाटावर म्हणाले, "नाहीच जमलं तं राईस मिलमध्ये पोते उचलाले माणूस लागतेच." त्यांनी ते धीर द्यायला म्हटलं होतं. पण पुढची कित्येक वर्षं, कुठंही हरलो की माझ्या खांद्यावर पहिल्यांदा ते पोतं यायचं आणि मग हरल्याचं दुःख.

तालमीच्या दारात उभा राहिलो तेव्हा वस्तादांनी गाव विचारलं. गोंदिया कुठं आलं, म्हणाले. नागपूरच्याही पुढं, म्हणालो.

"नागपूरच्या फुडं बी हाय व्हय आपलं राज्य?"

मग आतल्या बाजूला तोंड करून मावशींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हाक मारून सांगितलं, की पावणं आल्यात, लई लांबनं आल्यात, भाकरी टाक.

त्या दिवसापासून मी पावणं. तालमीतली बाकीची पोरं राधानगरी, गडहिंग्लज, कागल अशी जवळची. त्यांना वस्ताद अरे-तुरे करत, त्यांच्या म्हशींचा, बापाचा आणि बुद्धीचा एकत्र उद्धार करत. मला मात्र, "पावणं, जेवलासा का?" जोर मारताना कंबर खाली गेली तर इतरांच्या पाठीत न बोलता छडी बसायची. माझ्याजवळ येऊन आधी म्हणायचे, "पावणं, जरा वाकून घ्या," आणि मग तेवढ्याच जोरानं छडी. मला त्या शिव्यांचा हेवा वाटायचा. ज्याला शिवी देतात तो घरचा. पाहुण्याला जेवायला वाढतात आणि एक दिवस वेशीपर्यंत सोडायला जातात.

आणि वस्ताद खरोखरच सोडायला जात. दसरा झाला की ते एकेका पोराला चहाला बोलवायचे. कोपऱ्यावरच्या गाड्यावर न्यायचे, भजी खाऊ घालायचे, त्याच्या घरच्यांची, बैलांची, विहिरीची चौकशी करायचे आणि शेवटी म्हणायचे, की आता घरला जावा, कुस्ती तुमच्यात न्हाय, बाकी लई काय काय हाय. पोरगं भजी खात खात रडायचं. तालमीत म्हणूनच ठरून गेलं होतं की दसऱ्यानंतर वस्ताद ज्याला चहाला नेतील त्याची कुस्ती संपली. मी पहिल्याच वर्षी जाहीर करून टाकलं की मी चहा पीत नाही. आमच्याकडं कुणीच पीत नाही, असंही सांगितलं. गोंदियाबद्दल वस्तादांना काहीही खपायचं. काही वर्षं ही युक्ती चालली.

चालली म्हणजे माझी कुस्ती चालली नाही. तांबड्या मातीत मी बरा होतो, मॅटवर माझे पाय कुणीही ओढून न्यायचं. एकच डाव मला मनापासून यायचा, कलाजंग. समोरच्याला झटक्यात दोन्ही खांद्यांवर आडवा घ्यायचा आणि तसाच पाठीवर टाकायचा. पण एकच डाव येणाऱ्या पैलवानाला सगळे ओळखून असतात. एका वर्षी गणपती उठल्यावर वस्ताद हौद्यातली, म्हणजे आखाड्यातली, माती वरखाली करत होते. मातीत ताक, तेल, हळद मिसळायचं काम ते कुणाला देत नसत. माझ्याकडं न बघताच बोलले.

"पावणं, औंदा चा प्यायची सवय लावून घ्या."

माझ्या खांद्यावर ते पोतं येऊन बसलं.

त्याच सुमारास इरफान भेटला. हा माझ्याच वयाचा, पुण्यात राहून बॉक्सिंग शिकून आलेला. कागल रोडला टायरच्या दुकानावर त्यानं नव्या पद्धतीच्या लढतीची जिम काढली होती. तिथं एसी होता, भिंतभर आरसे होते आणि कानठळ्या बसवणारं गाणं होतं. त्याच्या पोरांना बुक्क्या यायच्या, लाथा यायच्या, पण धरून पाडता येत नव्हतं. ते शिकवायला त्याला कुस्तीवाला हवा होता. पण त्याची अट होती. ज्याच्याकडून शिकायचं तो पिंजऱ्यात उतरलेला पाहिजे, नाहीतर पोरं ऐकणार नाहीत. एक लढत जिंक, कायमचा ये, म्हणाला. मला कोल्हापुरात राहायचं तर तेवढा एकच रस्ता उरला होता, आणि तो वस्तादांच्या परवानगीतून जात होता.

परवानगी मागण्याआधी मी त्यांना मोबाईलवर लढती दाखवायला घेतल्या. वस्ताद मोबाईल हात लांब करून धरायचे आणि मान मागं घ्यायचे, जणू तो चावेल. दोघं जण एकमेकांभोवती फिरायचे, एखादी बुक्की बसायची, मग कुणीतरी कुणाला धरून खाली टाकायचं. पाठ टेकली की वस्ताद अंगठ्यानं पडदा बंद करायचे.

"झाली कुस्ती. दुसरी लावा."

मी सांगायचो की वस्ताद, ही अजून सुरू आहे. ते म्हणायचे, आता काय बगायचं ऱ्हायलंय त्यात? अशा कितीतरी लढती आम्ही पाहिल्या आणि एकही पूर्ण पाहिली नाही. जगातले सगळे नामांकित लढवय्ये वस्तादांच्या हिशेबानं पहिल्या मिनिटातच जिंकलेले किंवा हरलेले होते, आणि त्यातले बरेचसे निकाल उलटे होते. पाच फेऱ्या झुंजून पट्टा जिंकलेला एक जण त्यांच्या दृष्टीनं कायमचा पडेल होता. "त्यो व्हय? त्यो पडतोय की सारखा," असं ते चहाच्या गाड्यावर ठामपणे सांगत.

इरफान स्वतः तालमीत येऊन त्यांना समजावून गेला. पूर्वी बॉक्सर बॉक्सरशी लढायचा, कराटेवाला कराटेवाल्याशी, पैलवान पैलवानाशी, आणि प्रत्येकाला वाटायचं आपणच भारी. मग कुणीतरी सगळ्यांना एका पिंजऱ्यात सोडलं. पहिल्यांदा खाली पडून लढणाऱ्यांनी सगळ्यांचे गळे आवळले. मग कुस्तीवाले आले आणि त्यांनी वरून दाबून धरलं. मग बुक्कीवाले पडायचंच नाही हे शिकले. असं एकमेकांचं शिकत शिकत हा खेळ वाढला, आणि आता त्यात सगळं आहे.

"कबड्डी हाय?" वस्तादांनी विचारलं.

इरफान नाही म्हणाला. मग वस्तादांनी त्याला बसवून घेतलं आणि आपलं सांगितलं. "बगा, पयलं आपल्यात बी बुक्की हुती, लाथ हुती, चावा बी हुता. माणसं शाणी झाली तसं एकेक काढत गेली. लाथ काढली, बुक्की काढली, चावा काढला. शेवटाला जे ऱ्हायलं ती कुस्ती. तुमी काढलेलं समदं परत भराय लागलाय."

इरफान म्हणाला, सगळं भरलेलं नाही, आमच्यातही आता नियम आलेत. हातमोजे आलेत, वजनाचे गट आलेत, चावायला बंदी आहे.

वस्तादांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजी चावा काढला. निम्म्या वाटंवर आलासा की. सावकाश या. एक दिस बुक्की बी काढशिला, मग काय ऱ्हातंय? कुस्तीच."

आणि त्या आनंदात त्यांनी मला परवानगी देऊन टाकली. अट एकच घातली, पिंजऱ्याशेजारी ते स्वतः बसणार.

लढत दसऱ्याच्या आधी झाली, शिरोली नाक्याजवळच्या एका मंगल कार्यालयात. पिंजरा एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडून बनवून आणला होता. वस्ताद सकाळीच येऊन त्याची वेल्डिंग तपासत बसले. दाराची कडी त्यांनी पुन्हा पुन्हा लावून आणि काढून पाहिली, आणि कडी चांगली हाय म्हणून शेरा दिला. येताना त्यांनी रुमालात तालमीतली चिमूटभर माती आणली होती. ती माझ्या कपाळाला, खांद्यांना लावली. मागून आयोजकांचा माणूस ओला टॉवेल घेऊन आला आणि अंगाला काही लावायचं नाही म्हणून पुसून गेला. वस्तादांनी परत लावली. त्यानं परत पुसली.

समोरचा पोरगा गोव्याकडचा होता, सडपातळ, शांत. पहिल्या मिनिटात त्यानं माझ्या मांडीवर अशा लाथा मारल्या की मला वाटलं पोती उचलणं काही एवढं वाईट नाही. मग तो एकदा जवळ आला. माझी मान त्याच्या काखेखालून कधी गेली मला कळलं नाही. तो माझ्या दोन्ही खांद्यांवर होता. तसाच घेऊन मी एक पाऊल टाकलं आणि टाकला. आयुष्यात तेवढा स्वच्छ कलाजंग मला परत पडला नाही. मंगल कार्यालयात जो आवाज उठला तो मला अजून कानात येतो. त्या गर्दीत बुक्क्या बघायला आलेलं कुणी नव्हतंच म्हणा, सगळे कुस्तीचे. त्यांच्या दृष्टीनं निकाल लागला होता. पुढच्या दोन रांगा टाळ्या वाजवत उठून उभ्या राहिल्या. मागच्या रांगा जेवणाच्या हॉलकडं वळल्या.

खालचा पोरगा मात्र शांतच होता. त्यानं पाय माझ्या कमरेभोवती घातले आणि माझा एक हात धरला. मी वरून दाबून धरलं होतं. आता फक्त थोडा वेळ टिकायचं, एवढंच मी मनाशी म्हणत होतो. तेवढ्यात मला कडी निघाल्याचा आवाज आला.

कडी चांगलीच होती. वस्ताद आत आले होते. त्यांच्या हातात कोल्हापुरी फेटा होता, गुलाबी, घरून आणलेला, माझ्यासाठी. विजयी पैलवानाला वस्तादानं आखाड्यात फेटा बांधायचा ही रीत, आणि पाठ टेकून झाली होती. त्यांनी मला काखेत धरून उठवलं आणि फेटा गुंडाळायला लागले. पंच शिट्टी वाजवत धावत आला. लढत चालू असताना बाजूचा माणूस आत आला की त्याचा लढवय्या बाद, असा नियम. खाली उताण्या पडलेल्या पोराचा हात पंचानं वर केला.

वस्तादांना आधी वाटलं पंचानं चुकून भलत्याचा हात धरलाय. त्यांनी समजुतीनं माझा हात पुढं केला. मग प्रकार लक्षात आल्यावर त्यांनी त्या पोराला अलगद वळवून त्याची पाठ पंचाला दाखवली. मॅटवर रंगवलेली पशुखाद्याची जाहिरात नीट वाळलेली नव्हती. ती अख्खीच्या अख्खी त्याच्या पाठीवर उलटी उमटली होती.

"ह्यो बगा शिक्का," वस्ताद म्हणाले. "ह्याच्या फुडं आनि काय पुरावा पायजे?"

पब्लिकला पुरावा पटला. त्यांनी मला खांद्यावर घेतलं, हलगी कुठून आली देव जाणे, आणि हरलेल्या माणसाची मिरवणूक मंगल कार्यालयाच्या आवारातून निघाली. जिंकलेला पोरगा पिशवी खांद्याला लावून फाटकाशी रिक्षा शोधत होता. मी वरून त्याच्याकडं बघत होतो. सगळं कोल्हापूर माझ्या नावानं ओरडत होतं आणि माझ्या डोळ्यांपुढं राईस मिलचं पत्र्याचं छप्पर होतं. इरफान गर्दीच्या कडेला उभा होता. त्यानं दोन्ही हात पसरले, की आता मी तरी काय करू.

वस्तादांनी आपल्या हातून काही झालं असं कधी मानलं नाही. त्या पंचाला माती ठाऊक नव्हती, एवढंच त्यांचं म्हणणं. दसरा झाला. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"पावणं, चला. चा घेऊ."

यावेळी मी चहा पीत नाही असं म्हणालो नाही. पिशवीत लंगोट, टॉवेल आणि आईनं दिलेलं ताट भरून ठेवलेलं होतं. मी त्यांच्या मागं चालू लागलो. कोपऱ्यावरचा गाडा आला. भजी तळणं चालू होतं. वस्ताद थांबले नाहीत. पुढं स्टॉपवर जाऊन त्यांनी कागलच्या बसला हात केला.

इरफानच्या जिममध्ये त्यांनी गाणं बंद करायला लावलं, एसीकडं एकदा रागानं पाहिलं आणि आरशासमोरच्या बाकावर बसले. म्हणाले, तुमास्नी कुस्ती शिकवणारा पायजे न्हवं, मी येतो. पैसा नको. फक्त तुमची ती इंग्रजी नावं मला जमणार न्हाईत, तवा हे पावणं माझ्याबरोबर ऱ्हातील. इरफान त्यांच्याकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत राहिला. त्या पिंजऱ्यातल्या प्रकारानंतर अख्ख्या शहरात वस्तादांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यानं चहा मागवला. मी प्यायलो. साखर जास्त होती.

पुढचे काही दिवस वस्ताद रोज आले. पोरांना त्यांनी पाडायला शिकवलं आणि पाठ टेकली की दोघांनाही उठवून हात मिळवायला लावलं. बाकीचं मी शिकवत होतो. मग एके दिवशी ते आलेच नाहीत. निरोप आला, की त्या एसीत मला सर्दी हुतीया, पावण्यांचं चालू द्या. संध्याकाळी मी काढा घेऊन धावत तालमीत गेलो, तर ते उघड्या अंगानं हौद्यात माती खणत होते. मावशी पायरीवर लसूण सोलत होत्या. "सर्दी? ह्यास्नी?" त्या म्हणाल्या. "थंडीत आडाच्या पाण्यानं आंगूळ करत्यात." वस्तादांनी मान वर केली नाही. काढा मात्र ठेवून घेतला.

मी आजही तिथंच शिकवतो. गोंदियाला वर्षातून एकदा जातो, पाहुण्यासारखा.

गेल्या वर्षी वस्ताद तालमीच्या नहाणीत घसरले. खुब्याचं हाड मोडलं. मी दुपारी दवाखान्यात गेलो तेव्हा ते उताणे होते. पायाला वजन बांधलं होतं, कुशीवर वळायला सक्त मनाई होती. तालमीची पोरं पलंगाभोवती उभी होती आणि एकही जण त्यांच्याकडं बघत नव्हता. कुणी खिडकीकडं बघत होतं, कुणी सलाईनकडं. वस्तादांच्या डोळ्यांत मी कधी पाहिली नव्हती अशी गोष्ट होती. त्यांना लाज वाटत होती. मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आल्यापास्नं डोळा मिटला न्हाय, जेवत न्हाईत, डाक्टरशी बोलत न्हाईत, नुसतं वर बगत पडल्यात. डॉक्टर म्हणतात मनानं घेतलं तर उठतील.

वस्तादांनी पोरांना हाताच्या खुणेनं बाहेर घालवलं. मी निघालो तर म्हणाले, "पावणं, तुमी ऱ्हावा."

पंखा फिरत होता. ते त्याच्याशीच बोलत असल्यासारखे बोलले.

"तुमच्या त्या पिंजऱ्यात पाठ टेकल्यावर काय करत्यात?"

लढत चालूच असते, मी म्हणालो.

"त्ये म्हाईत हाय. करत्यात काय?"

मी सांगायला लागलो. पाय वरच्याच्या कमरेत घालतात. त्याचा हात धरून ठेवतात, म्हणजे त्याला मारायला जागा मिळत नाही. पण सगळ्यात आधी, म्हणालो, दम धरतात. घाई करत नाहीत. वरचा दमला की मग.

"मोबाईल हाय न्हवं? दावा."

मी एक जुनी लढत शोधली, त्यांनी तालमीत अंगठ्यानं बंद केलेली. पलंगावर वाकून मोबाईल त्यांच्या तोंडावर धरला. दोघं फिरले, एकानं दुसऱ्याला उचलून आपटलं, पाठ टेकली. सवयीनं माझाच अंगठा पडद्याकडं गेला.

"ऱ्हाऊ द्या," वस्ताद म्हणाले. "चालू ऱ्हाऊ द्या."

वरच्यानं खालच्याला मारायला सुरुवात केली. वस्तादांच्या मुठी चादरीवर आवळल्या. माझे हात भरून आले होते, पण मी मोबाईल हलू दिला नाही. खालच्यानं मार खाल्ला, तोंड चुकवलं, पुन्हा खाल्ला. मग त्यानं एक पाय हळूच वर सरकवला, वरच्याच्या मानेमागून नेला आणि आवळला. चादरीखाली वस्तादांचा चांगला पाय किंचित हलला. वरचा थोडा वेळ धडपडला आणि त्यानं हातानं मॅटवर थापा मारल्या. पंच मध्ये पडला.

"काय झालं?"

"वरच्यानं हार मानली."

"वरच्यानं?"

"हो."

"आनि पाठ कुणाची टेकल्याली?"

"खालच्याची."

थर्मासमधून चहा ओतणाऱ्या मावशींचा हात थांबला.

"पंच शिंकत न्हवता न्हवं?"

"नाही वस्ताद. नीट बघत होता."

त्यांनी मान थोडी उशीत रुतवली, उताणीच, आणि दोन्ही हात छातीवर घेतले.

"परत लाव," म्हणाले.